एसयूव्हीचे ब्रेक पॅड घरी बदलताय? पॅडपेक्षा पिनांकडं बघा

मागं एका दिवाळीत सगळी वरात घेऊन कोकणात निघालो होतो, मामाकडं. सात सीट, सात माणसं, टपावर फराळाचे डबे आणि मागं आईच्या दोन पिशव्या, ज्यात काय असतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. गगनबावडा ओलांडला, करूळ घाट उतरायला लागलो आणि निम्म्या घाटात पोरगं म्हणालं, "बाबा, कायतरी जळायलंय." मला वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असणार. खाली वैभववाडीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली तर आमच्याच डाव्या पुढच्या चाकातनं धूर. उजवं चाक कोमट, डाव्याजवळ हात नेता येईना. आईनं लगेच पाण्याची बाटली काढली, म्हटलं थांब, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं की ती वाकडी होती नाहीतर तडकती. बसलो तसंच तासभर चकल्या खात.

तिथल्या एका मिस्त्र्याला बोलावून चाक खोललं. आतला पॅड पार लोखंडाला टेकायला आलेला, बाहेरचा अजून निम्मा शिल्लक. आणि हे पॅड आठच महिन्यांपूर्वी बदललेले होते, कोल्हापुरातच एका गॅरेजात, पाऊण तासात काम झालं म्हणून मी खूशही झालो होतो. मिस्त्र्यानं कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन हातोडीनं ठोकून ठोकून बाहेर काढली, तांबडी लाल, गंजलेली, ग्रीसचा टिपूस नाही. म्हणाला, "ह्या पिनींक कोणी हात लावूकच नाय."

तेव्हापासनं हे काम मी घरीच करतो. आणि एवढ्यांदा करून एकच कळलंय, पॅड बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, दोन बोल्ट काढले, जुने काढले, नवे बसवले. खरं काम पिना, क्लिपा आणि ब्रॅकेट साफ करायचं, आणि घाईच्या गॅरेजात नेमकं तेच राहतं. म्हणून खाली तेच जरा लांबण लावून लिहिलंय.

आधी आत काय चालतं ते

बहुतेक फॅमिली एसयूव्हीला पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर असतो. म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग त्या दाबाच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून घेतो. हा कॅलिपर सरकतो तो दोन पिनांवर. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकायचा थांबतो, सगळी मारामारी एकाच पॅडवर येते, पाय काढला तरी पॅड नीट सुटत नाही, डिस्क तापत राहते. माझं झालं ते हेच.

त्यात गाडी जड. माणसं आणि सामान धरून दोन टनांच्या वर जाती, आणि थांबवताना ब्रेकला जिरवायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ४० च्या जागी ८० नं जात असाल तर चौपट. त्यातलं साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात म्हणून पुढचे पॅड लवकर जातात. आपल्याकडं तर जोतिबा, पन्हाळा, आंबा घाट, फोंडा, आंबोली, कुठल्याबी दिशेनं निघा उतार ठरलेला. वर पावसाळ्यात गगनबावड्याकडची ती तांबडी माती, चाकाच्या आत बसती आणि सुकली की सिमेंटच.

पॅड संपल्यात का ते कसं ओळखायचं

नव्या पॅडवर घासणारा थर १० ते १२ मिमी असतो, मागची लोखंडी पट्टी सोडून. ३ मिमी राहिला की बदलायचा, घाट उतरायचा असेल तर मी ४ लाच बदलतो. मोबाइलची टॉर्च लावून अलॉय चाकाच्या फटीतनं बघता येतं, पण इथंच माणूस फसतो, कारण फटीतनं दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला दिसतच नाही. माझा बाहेरचा निम्मा होता म्हणून मी दसऱ्याला बघून "अजून लय चालतंय" म्हटलं होतं. त्यामुळं वर्षातनं एकदा तरी चाक काढून दोन्ही पॅड बघा. आमच्यात हे खंडेनवमीला ठरलेलं आहे, नाहीतरी त्या दिवशी गाडी धुतो, हार घालतो, हत्यारं पूजेला मांडतो, तर पूजेआधी तीच हत्यारं वापरून चाकं काढायची. पावसाळा संपलेला असतो, दिवाळीचा घाट पुढं असतो, वेळ अगदी बरोबर.

आवाजांचं म्हणाल तर, पावसात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकला खर्रर्र आवाज आला तर घाबरू नका, डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो, तो घासून जातो. बारीक किंचाळल्यासारखा आवाज कायम येत असेल तर पॅडची छोटी पत्र्याची जीभ डिस्कला लागायली, ती मुद्दामच त्यासाठी ठेवलेली असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी हलवू नका, तिथनं पुढं डिस्कचाबी खर्च चालू झाला. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कची जाडी कमीजास्त झाल्याचा संशय घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचा कॅलिपर अडकलाय किंवा पॅडला ऑइल लागलंय.

एक गोष्ट लय जण चुकवतात. पॅड झिजत जातील तसं पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी आपोआप खाली जाते. लाइट लागली म्हणून ऑइल भरून मोकळं होऊ नका, आधी पॅड बघा. पॅड जाड असतील आणि तरी पातळी खाली असेल तर मात्र कुठंतरी गळतंय, तेव्हा सरळ मिस्त्री गाठा.

काय काय लागतं

जॅक तर गाडीत असतोच, पण जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, जॅक स्टँड पाहिजेच. मी उद्यमनगरातनं दोन आणले, आयुष्यभराचं काम झालं. बाकी पाना-सॉकेटचा सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळायचा पाना) मिळाला तर बरं, सी-क्लॅम्प (स्क्रूनं दाबायचा शिकंजा), वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीच बनवलेलं सिलिकॉन ग्रीस, एक जुनी सिरिंज, बांधायची तार, हातमोजे, मास्क, आणि जाडी मोजायला व्हर्नियर. ग्रीस मात्र व्हील बेअरिंगचं पिवळं-निळं डब्यातलं घ्यायचं नाही. पेट्रोलियमचं ग्रीस पिनांच्या रबरी बुटांना फुगवतं, आणि फुगलेल्या रबरात पिन परत जाम. माझ्या त्या पहिल्या गॅरेजवाल्यानं तर तेवढंबी लावलं नव्हतं हा भाग वेगळा.

पॅड घेताना चेसिस नंबरवरनं पार्ट नंबर काढा आणि दुकानात जुना पॅड शेजारी ठेवून आकार जुळवा, एकाच मॉडेलला साल बदललं की पॅड बदललेला असतो. फार स्वस्तात मिळाला तर डुप्लिकेट असायची शक्यता धरा. सेट एका अॅक्सलचा असतो, चार पॅड, दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, डावे एकटे बदलले तर गाडी ओढणार. नव्या क्लिपा सेटात असतील तर उत्तम, नसतील तर वेगळ्या मागून घ्या.

आता काम

गाडी सपाट जागेवर, मॅन्युअलला गिअरमध्ये, ऑटोमॅटिकला पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करून घ्या, वर उचलल्यावर जोर लावला की गाडी हलती. मग मॅन्युअलात दाखवलेल्या जागीच जॅक लावून उचला, स्टँड द्या, गाडी हळूच स्टँडवर बसवा आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर पडंल, तुमच्यावर नाही.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढा. ऑइल वरच्या रेघेला टेकलेलं असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या, कारण आपण पिस्टन मागं ढकलणार तेव्हा ते ऑइल इथंच वर येणार आणि बाहेर सांडणार. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. ती सिरिंज पुन्हा कशाला वापरू नका.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी जोडलेली राहू दे, कुठली क्लिप कशी होती हे विसरलात तर जाऊन बघता येतं. मी फोटोबी काढतो पण काळ्या हातानं मोबाइल घ्यायचा कंटाळा येतो.

स्टिअरिंग फिरवून चाकाची जागा बाहेरच्या बाजूला आणा, कॅलिपरच्या मागचे दोन बोल्ट समोर दिसतील. बोल्ट सोडवताना पिन सोबत फिरत असेल तर तिला चपट्या पान्यानं धरा. बहुतेक गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर पुस्तकाच्या पानासारखा वर उचलता येतो. तसा येत नसेल तर दोन्ही काढा आणि कॅलिपर तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. रबरी पाइपावर लोंबकळत सोडायचा नाही, आतनं पाइप चिरला तर वरनं कळतबी नाही. आणि कॅलिपर उघडा असताना कुणी पेडल दाबायचं नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा, पिस्टन बाहेर आला तर मोठं काम होऊन बसतं.

जुने पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. सगळं यांच्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही सारखे झिजलेत तर मस्त. एकाच बाजूचा जास्त गेलाय तर पिना किंवा पिस्टन. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा, तर दोन पिनांतली एक अडकती. पॅडचा थर चकचकीत काचेसारखा झालाय तर तो तापून भाजलाय. धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपानं उडवू नका, छातीत जाती, क्लीनर मारून फडक्यानं पुसा.

मग डिस्क. कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली डिस्क गेली असेल तर ती बदलायचीच, पर्याय नाही. व्हर्नियर लावताना एक अडचण येते, डिस्कच्या काठाला न झिजलेली उंच कड राहिलेली असते आणि जबडे तिच्यावरच टेकतात, माप खोटं येतं. त्याला एक जुगाड आहे. एकसारखी दोन नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना घासलेल्या भागावर एकेक ठेवा, नाण्यांसकट मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. चार-पाच ठिकाणी मोजा. डिस्क म्हणजे शेवटी बीडच, ओतीव लोखंड, आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं गाव असल्यानं लेथवर फिरवून देणारे इथं गल्लोगल्ली भेटतात, पण फिरवल्यावरबी किमान जाडीच्या वर राहणार असेल तरच फिरवा. बोट फिरवलं आणि हलके चर लागले तर काही करायची गरज नाही.

आता मूळ काम, पिना. दोन्ही पिना हातानं बाहेर ओढा. नुसत्या बोटांनी, हलक्या पुक् आवाजानं आल्या पाहिजेत, पक्कड लागली म्हणजे उशीर झालाय. एका पिनेच्या टोकाला बऱ्याचदा छोटी रबरी बाही असते, ती वरची की खालची हे लक्षात ठेवा, अदलाबदल करू नका. पुसा, क्लीनर मारा, गंजाचे खड्डे पडले असतील तर नवी घ्या, पिना काही महाग नसतात. ज्या भोकात पिन जाते त्यात जुनं काळं चिकट ग्रीस असतं, तेबी काढा, नाहीतर नवीन ग्रीस त्यावर बसून आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा, भरभरून नाही. पिन आत घालून दोनचारदा मागंपुढं करा, लोण्यातनं सुरी जाती तशी गेली पाहिजे. रबरी बूट फाटला असेल तर बदलल्याशिवाय बंद करू नका, पहिल्याच पावसात पाणी आत.

पॅडचे कान ज्या ब्रॅकेटच्या खाचेत बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज फुगलेला असतो आणि तो क्लिप वर उचलतो, मग नवा पॅड खाचेत घट्ट बसतो आणि सुटत नाही. वायर ब्रशनं लोखंड दिसंपर्यंत घासा. हे काम कंटाळवाणं आहे, एका चाकाला मला २० मिनिटं लागतात, आणि माझ्या मते अख्ख्या कामातली हीच २० मिनिटं वसूल होतात.

पिस्टनच्या भोवतीचं रबर फाटलंय का, ओल दिसते का बघा. ओल असेल तर कॅलिपरची किट घालायची, तुम्ही थांबा, मिस्त्र्याला द्या. सगळं कोरडं असेल तर जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पनं सावकाश, अगदी सावकाश आत दाबा. दोन पिस्टन असतील तर दोन्ही एकदम दाबायचे, नाहीतर एक दाबताना दुसरा बाहेर येतो. मधनंमधनं डबीतल्या ऑइलवर नजर. हे सगळं पुढच्या ब्रेकचं चाललंय बरं का. मागं डिस्क असेल तर काही गाड्यांचा पिस्टन दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरनं सर्व्हिस मोडला टाकावा लागतो. तिथं जबरदस्ती केली तर मोटर जाईल. मागं ड्रम असेल तर लायनरचं काम वेगळं, स्प्रिंगांचा खेळ आहे, शिकल्याशिवाय हात घालू नका.

नव्या क्लिपा, मग नवे पॅड. आवाजाची जीभ असलेला पॅड जुना होता त्याच बाजूला. पॅडच्या कानांना आणि पाठीला ग्रीसचं नुसतं बोट, घासणाऱ्या बाजूला काहीही लागता कामा नये, हात लागला तर क्लीनरनं पुसा. डिस्कवरचं तेलबी पुसून घ्या, नव्या डिस्कला तर पॅकिंगचं तेल असतंच. कॅलिपर खाली आणा, बोल्ट लावा. किती घट्ट ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात बघा, हे बोल्ट चाकाच्या नटापेक्षा कितीतरी कमी टॉर्कचे असतात, टॉमी (लांब दांडा) घालून ताकद दाखवली की आटे गेले. चाक लावा, नट आडव्यातिडव्या क्रमानं, शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर. मग दुसरी बाजू.

गाडी चालू करायच्या आधी

हे वाक्य दोनदा वाचा. पिस्टन मागं ढकललेला आहे, त्यामुळं पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाणार. गाडी हलवायच्या आधी पेडल सावकाश पंप करा, दगडासारखं कडक होईपर्यंत. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की मागची भिंत गेली. कडक झाल्यावर ऑइलची पातळी बघून झाकण लावा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल गेली की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ ग्रेडचं नवं ऑइल किमान २३० अंशाला उकळतं, ओल खाल्लेलं १५५ पासनं उकळायला लागू शकतं. घाटात उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे आणि पेडल मऊ, पाय खाली. म्हणून दर २ वर्षांनी बदला, झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं घाला, डॉट ५ त्यात मिसळू नका. मागच्या वर्षीची फोडलेली बाटली वापरू नका. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात चाकं बुडालेली सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ऑइल, पिना, बेअरिंग सगळं एकदा करून घ्या, विकणारा सांगणार नाही.

ऑइल बदलताना माझी बायको सीटवर असते. मी "दाब" म्हटलं की दाबून धरती, मी चाकाजवळचं ऑइल सोडायचं निपल उघडतो, पेडल खाली जातं, मी निपल बंद करतो, मगच "सोड." बंद व्हायच्या आधी सोडलं तर हवा आत. सहसा लांबचं चाक आधी, आपल्या उजव्या स्टिअरिंगला म्हणजे मागचं डावं, पण मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं. डबी रिकामी पडू द्यायची नाही, एबीएसमध्ये (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवा गेली की घरी निघत नाही. पहिल्या वेळेला आमचं "दाब", "दाबलंय की ओ", "सोडू नको म्हटलं की" असं इतकं झालं की शेजारच्या काकू भांडण समजून गॅलरीत आल्या.

नवे पॅड बसवणं

नव्या पॅडला डिस्कवर आपला थर चढवायला लागतो. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मी पन्हाळा रोडला जातो, ६० वरनं १० पर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न वापरता थोडी चालवून थंड करायची. तापलेली असताना पेडल दाबून उभी केली तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो. पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, उसाच्या ट्रॉल्यांच्या दिवसांत हे म्हणणं सोपं आहे, करणं नाही, पण अंतर ठेवा. घाटात ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका, दाबा आणि सोडा.

परत आल्यावर खाली उतरून चारही चाकांजवळ तळहात न्यायचा, लावायचा नाही. पुढची दोन सारखीच गरम लागली पाहिजेत. एक जास्त तापलं तर ती बाजू परत खोला, क्लिप वाकडी बसलीय किंवा पिन अजून अडकती. शंभर किलोमीटरनं नट परत तपासा. मी बॉनेटच्या आत कागदी टेप चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर आणि चारही पॅडची जाडी लिहितो, आत-बाहेर वेगळी वेगळी. यंदाच्या खंडेनवमीला डावीकडं आत ८ मिमी, बाहेर ८ मिमी भरलं.